मुलांचा व्यवसाय आणि घराचा हातभार

'व्यवसाय' हा शब्द ऐकला कीं सामान्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढें दुकान, कचेरी, वकिली, डॉक्टरी अशा गोष्टी उभ्या राहतात. त्यामुळें 'व्यवसायोपचार' हें नांव प्रथम कानांवर पडलें म्हणजे पोटापाण्याचा उद्योग शिकविणारी ही कांहीं विद्या असावी, असा समज होणें स्वाभाविक आहे. सहा-सात वर्षांच्या मुलासाठीं डॉक्टरांनीं हा उपचार सुचविला, तर आईबाप बुचकळ्यांत पडतात. एवढ्याशा पोराला कसला आला आहे व्यवसाय?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं फार लांब जावयास नको. सकाळच्या वेळीं कोणत्याही घरांत डोकावून पाहावें. मूल अंथरुणांतून उठतें, दांत घासतें, न्हातें, सदऱ्याचीं बटणें लावतें, पोळीचा घास तोडतें, दप्तर भरतें आणि शाळेची वाट धरतें. तेथें तें बांकावर बसतें, लिहितें, चित्रें काढतें. मधल्या सुटींत धांवतें, भांडतें आणि पुन्हां गट्टी करतें. हाच त्याचा व्यवसाय. मोठ्या माणसाच्या धंद्यांत खोट आली तर घरचा जमाखर्च बिघडतो. मुलाच्या या व्यवसायांत खोट आली तर सगळ्या घराचा दिवस बिघडतो. हा दिवस पुन्हां मार्गीं लावण्याचें शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार.

नमुन्यादाखल एका घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. मुलगा सात वर्षांचा, दुसरींत शिकणारा. बोलण्यांत चुणचुणीत, गोष्ट सांगूं लागला तर ऐकणाऱ्यानें ऐकत राहावें. परंतु बटण लावतांना त्याचीं बोटें अडखळतात, जेवतांना वाटी कलंडते, अक्षर ओळीच्या वरखालीं जातें आणि पांच ओळी लिहिल्या कीं हात दुखूं लागतो. शाळेंतून शेरा येतो : "अक्षर गलिच्छ. काम अपुरें. आळशी." वडील म्हणतात, "तोंड एवढें चालतें, मग हात कां चालत नाहीं?" आजी म्हणते, "सूनबाई, तूंच त्याला लाडावून ठेवला आहेस." आईपुढें सातच्या बसची घाई उभी असते. ती निमूटपणें त्याचीं बटणें लावते, त्याला घास भरवते, त्याचें दप्तर भरते. मुलगा कांहींच बोलत नाहीं. तो दिवसेंदिवस एकच धडा मात्र पक्का करीत असतो, कीं आपल्याला येत नाहीं.

अशा मुलाची बुद्धि मंद नसते आणि तो आळशीही नसतो. डोळ्यांनीं पाहिलेलें आणि मनानें योजिलेलें हातांकडून करवून घेण्याची जी घडी मेंदूंत बसावयाची, ती त्याच्या बाबतींत नीट बसलेली नसते. वैद्यकांत या अवस्थेला विकासात्मक समन्वय-विकार असें नांव आहे. शाळेच्या वयाच्या शंभर मुलांत सुमारें पांच-सहा मुलांत ती आढळते, म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गांत अशीं दोन-तीन मुलें असावयाचीं. मागच्या पिढीच्या किती शिक्षकांनीं अशा मुलांच्या बोटांवर पट्टी मारली असेल, आणि जीं बोटें आधींच चालत नव्हतीं तीं त्यामुळें किती आखडलीं असतील, याचा हिशेब कोणत्याही शाळेच्या दप्तरांत नाहीं.

या शास्त्राचा जन्म मुलांसाठीं झाला नाहीं. अमेरिकेंतील जॉर्ज बार्टन नांवाचा एक वास्तुशिल्पी स्वतः दीर्घ आजारांतून गेला होता. नुसतें अंथरुणावर पडून राहण्यापेक्षां हातांना अर्थपूर्ण काम मिळालें तर माणूस लवकर सांवरतो, असा त्याचा अनुभव होता. त्यानें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं १९१७ च्या मार्च महिन्यांत न्यूयॉर्क संस्थानांतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथें या विद्येची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन केली. पहिल्या महायुद्धांत जखमी झालेल्या सैनिकांमुळें तिची गरज सर्वांना पटली. भारतांत ही विद्या रुजविण्याचें श्रेय कमलाबाई निंबकर यांचें. त्या मूळच्या अमेरिकन. विवाहानें महाराष्ट्राच्या झाल्या. १९५० सालीं त्यांनीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत व्यवसायोपचाराचें देशांतील पहिलें विद्यालय सुरू केलें. १९५२ सालीं या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षीं स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताची गणना झाली. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांचेंच नांव धारण करते.

हा तज्ज्ञ करतो तरी काय? प्रथम तो पाहतो. सदऱ्याचें बटण लावणें ही मोठ्या माणसाला क्षणाची गोष्ट वाटते. तज्ज्ञ मात्र तिचें पृथक्करण करतो. एका हाताच्या आंगठ्यानें आणि तर्जनीनें बटणाची कड धरावी लागते; दुसऱ्या हातानें काज ताणून धरावें लागतें; बटण अर्धें आंत ढकलावें लागतें; मग हातांची अदलाबदल करून पलीकडून तें ओढून घ्यावें लागतें. हें चालूं असतां खांदे स्थिर, दृष्टि बोटांवर आणि लक्ष ठिकाणावर राहिलें पाहिजे. या सांखळींतील कोणती कडी कच्ची आहे, हें शोधल्यावांचून उपाय सांगतां येत नाहीं. एकाच्या बोटांत बळ कमी असतें, दुसऱ्याचे दोन्ही हात मिळून काम करीत नाहींत, तर तिसऱ्याचें लक्षच बटणावर टिकत नाहीं. तक्रार तीच, पण तिघांना उपाय तीन.

शिकविण्याची एक रीति मोठी गमतीची आहे. सामान्यतः पहिल्या पायरीपासून शिकवावयाचें आणि मूल मध्येंच अडलें कीं "सोड, मी करतें" म्हणावयाचें, असा प्रघात दिसतो. म्हणजे आरंभ मुलाचा आणि यश आईचें. तज्ज्ञ पुष्कळ वेळां हा क्रम उलटा करतो. पहिल्या सर्व पायऱ्या आईनें कराव्या आणि काजांतून अर्धें बाहेर आलेलें बटण ओढून घेण्याचें शेवटचें काम तेवढें मुलावर सोपवावें. तें साधलें कीं शेवटच्या दोन पायऱ्या, मग तीन. या पद्धतींत काम पुरें केल्याचा आनंद प्रत्येक वेळीं मुलाच्या पदरांत पडतो, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां प्रयत्न करण्याचें बळ त्या आनंदांतूनच येतें.

बैठकीचेंही तसेंच आहे. पुष्कळ घरांत मूल मोठ्यांच्या खुर्चींत बसून, पाय लोंबकळत ठेवून अभ्यास करतें. पायांना आधार नसला कीं कंबर डळमळते. कंबर डळमळली कीं खांदा आखडतो. आणि खांदा आखडला कीं पेन्सिल कागदांत रुतते. पायांखालीं एखादा पाट ठेवावा. कंबर व गुडघे साधारण काटकोनांत असावे. मेज कोपराच्या उंचीचें असावें. एवढ्यानें कांहीं मुलांचें लिहिणें पुष्कळ सुखाचें होतें. पेन्सिल धरण्यास जाड करावी, चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळावें, ताट सरकूं नये म्हणून खालीं ओलें फडकें घालावें, अशा युक्त्यांना खर्च नाहीं. पाहणारी दृष्टि मात्र लागते.

बोटांना बळ आणण्यासाठीं महागड्या खेळण्यांचीही गरज नसते. मराठी स्वयंपाकघर हें उत्तम व्यायामगृह आहे. कणीक मळणें, मटार सोलणें, शेंगा फोडणें, तांदूळ निवडणें, ओलें फडकें पिळणें, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणें, फुलें ओवणें, रांगोळीची चिमूट सोडणें, या प्रत्येक कामांत बोटांचा निराळा अभ्यास आहे. शिवाय मुलानें सोललेले मटार संध्याकाळीं ताटांत येतात. आपल्या हातांचा घराला उपयोग झाला, ही जाणीव कोणत्याही औषधाच्या दुकानांत मिळत नाहीं.

सर्व मुलांची अडचण हातांचीच असते असें नाहीं. एखादें मूल कुकरच्या शिटीनें कानांवर हात ठेवून किंचाळतें. केंस कापावयाचे म्हटलें कीं आकांत करतें. भात हातानें कालवावयास तयार होत नाहीं. दुसरें एखादें सतत उड्या मारतें, येतां-जातां माणसांवर आदळतें. पंचेंद्रियांची ओळख सर्वांना आहे. परंतु अंतःकर्णांतून मिळणारी तोलाची जाणीव आणि स्नायु-सांध्यांतून मिळणारी अंगाच्या हालचालीची जाणीव याही मेंदूला सतत वार्ता पोंचवीत असतात. या सर्व वार्तांची जुळणी मेंदूंत कशी होते, याचा अभ्यास जीन एअर्स या अमेरिकन विदुषीनें केला. तिचा ग्रंथ १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावर आधारलेले सर्वच उपचार सारखे सिद्ध झालेले नाहींत. पुरावा मर्यादित असल्यानें आईबापांना तसें स्पष्ट सांगावें, असा इशारा अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०१२ सालीं दिला. तथापि एक लाभ निश्चित आहे. मूल हट्टानें नव्हे, तर त्रासानें ओरडतें आहे, हें घराला कळलें कीं घराचें वागणें बदलतें. शिटी होण्यापूर्वीं त्याला सांगून ठेवणें, सदऱ्याच्या मानेशीं टोंचणारी चिठ्ठी कापून टाकणें, लग्नाच्या गर्दींत त्याच्यासाठीं एक शांत कोपरा पाहून ठेवणें, हे उपाय मग आपोआप सुचतात.

मेंदूच्या पक्षाघातानें ज्या मुलांचे हातपाय आखडलेले असतात, त्यांच्या बाबतींत तर आशा आणि सत्य यांचा तोल फार जपावा लागतो. मेंदूला झालेली मूळ इजा या उपचारानें भरून येत नाहीं. तसें वचन जो देईल त्याच्यापासून सावध राहावें. परंतु ज्या मुलाचा एकच हात दुबळा आहे, त्याचा चांगला हात तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं कांहीं वेळ पिशवींत अडकवून दुबळ्या हाताकडून खेळ आणि कामें करवून घेतल्यास तो हात अधिक उपयोगी होतो, असें अलीकडच्या संशोधनानें दाखविलें आहे. दुसऱ्यानें मुलाचे हातपाय नुसते हलविण्यापेक्षां मुलानें स्वतः निवडलेलें काम, जेथें करावयाचें तेथेंच पुन्हां पुन्हां करून पाहणें अधिक फलदायी ठरतें. पेल्यानें पाणी पिण्याचा सराव शेवटीं घरच्या पेल्यानेंच झाला पाहिजे.

म्हणूनच हा उपचार दवाखान्यांत सुरू होत असला तरी तडीस जातो तो घरांत. आठवड्यांतील एक तास तज्ज्ञाचा. उरलेले सर्व तास घराचे. पण याचा अर्थ आईच्या कामांत आणखी एका कामाची भर घालावी, असा नव्हे. चांगला तज्ज्ञ घराची दिनचर्या आधीं विचारून घेतो. सकाळीं घाई असेल तर बटणांचा सराव संध्याकाळीं ठेवावा; सकाळीं नाडीची चड्डी आणि वेल्क्रोचे जोडे चालतील. एका वेळीं एकच काम निवडावें. आजीनें एक, वडिलांनीं दुसरें आणि आईनें तिसरें सांगितलें तर मूल गोंधळतें. यासाठीं घरांतील सर्वांनीं एकदां एकत्र बसून एकच रीति ठरवावी. शेजारच्या मुलाशीं तुलना करूं नये. करावयाचीच तर त्याच मुलाच्या मागील महिन्याशीं करावी.

मदत मागण्यास उशीर करूं नये, हें सर्वांत महत्त्वाचें. "मोठें झालें कीं येईल" या भरंवशावर पुष्कळ मोलाचीं वर्षें वाया जातात. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रें यांची योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांना मान्यता दिली आहे. प्रथम बालरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, डोळे व कान तपासून घ्यावे आणि मग रीतसर पदवी घेतलेल्या व्यवसायोपचारतज्ज्ञाकडे जावें.

आतां पुन्हां त्या सात वर्षांच्या मुलाच्या घरीं जाऊं. अशा घरीं उपचार सुरू झाला म्हणजे पहिला बदल मुलांत दिसत नाहीं, तो मोठ्यांत दिसतो. शाळेच्या शेऱ्यांतून 'आळशी' हा शब्द जातो. दहा ओळींऐवजीं पांच ओळी नीट लिहिण्याची मुभा मिळते. वडील संध्याकाळीं त्याच्यासह मटार सोलावयास बसतात. आई सदऱ्याचें वरचें बटण अर्धें काजांत घालते आणि आपले हात मागें घेते. आपले हात मागें घेणें हेंच तिला सर्वांत कठीण जातें. मूल चुकतें, बटण निसटतें, पुन्हां धरावें लागतें. आजीचा हात नकळत पुढें येतो आणि सून डोळ्यांनींच तिला थांबविते.

त्या मुलाचें अक्षर कदाचित् कधींच मोत्यांसारखें होणार नाहीं. पण आईबाप जन्माला पुरत नाहींत. एक दिवस त्याला स्वतःचा सदरा स्वतः घालून घराबाहेर पडावयाचें आहे. त्या दिवसाची तयारी म्हणून आज त्याला घाईच्या वेळेंतलीं दहा मिनिटें द्यावीं, एवढेंच हें शास्त्र प्रत्येक घरापाशीं मागतें.