भोवऱ्यांची उतरंड

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मराठीच्या अध्यापकाने या व्यासपीठावरून संतसाहित्यावर किंवा नवकथेवर बोलावे, अशी आपली रास्त अपेक्षा असणार. मी मात्र आज द्रवातील भोवऱ्यांविषयी बोलणार आहे. या धाडसास कारण झाली ती आपल्याच वाचनालयात येणारी विज्ञान शाखेची एक विद्यार्थिनी. घरी मराठी, महाविद्यालयात हिंदी आणि संदर्भग्रंथ इंग्रजी, अशी त्रिस्थळी यात्रा आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील अनेक मुलांना करावी लागते, तशीच तिलाही. तिने मला ‘व्होर्टेक्स’ला मराठी शब्द विचारला. ‘भोवरा’, मी तत्काळ सांगितले. ग्रांथिक हवा असेल तर ‘आवर्त’. त्यावर ती म्हणाली, “पण सर, हे भोवरे एकावर एक, सारख्या अंतरावर का बनतात?” माझ्यापाशी शब्द होता, उत्तर नव्हते. ते शोधण्यात पुढचे काही महिने गेले.

जाम नदीला पूर आला की पुलाच्या खांबामागे उठणारे भोवरे आपण सर्वांनी पाहिले आहेत. ते उठतात आणि विरून जातात. तिचे भोवरे निराळे. एका नळकांड्याच्या आत दुसरे, थोडे लहान नळकांडे उभे धरावे, मधल्या अरुंद फटीत द्रव भरावा आणि आतले नळकांडे फिरवावे. वेग कमी असताना द्रव निमूटपणे गोल फिरतो. वेग हळूहळू वाढवत नेला की एका ठराविक वेगाला, जणू कोणी आज्ञा दिल्याप्रमाणे, त्या द्रवाची आडवी कडी बनतात. डोक्यावर घागर घेताना बायका खाली चुंबळ ठेवतात ना, तशा चुंबळींची एक उतरंडच उभी राहते. प्रत्येक चुंबळीची उंची साधारण फटीच्या रुंदीएवढी, आणि लगतच्या दोन चुंबळींतील द्रव परस्परविरुद्ध दिशांनी वळणारा.

हे का घडते? गोल फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाऊ पाहते, हे गोफण फिरवणाऱ्यास सांगावे लागत नाही. आतल्या भिंतीलगतचा द्रव वेगाने फिरतो, बाहेरच्या स्थिर भिंतीलगतचा जवळजवळ थांबलेला असतो. द्रवातील दाब या बाहेर जाण्याच्या ओढीला तोलून धरतो. आता आतला थोडासा द्रव चुकून बाहेर सरकला, तर तो आपली गती सोबत घेऊन जातो. तेथील मंद शेजाऱ्यांना आवरण्यापुरताच असलेला दाब या वेगवान पाहुण्याला आवरू शकत नाही, आणि तो आणखी बाहेर जातो. त्याला रोखतो तो द्रवाचा चिकटपणा, ज्याला मराठी परिभाषेत विष्यंदिता आणि हिंदी पाठ्यपुस्तकांत श्यानता म्हणतात. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की चिकटपणाही हरतो. परंतु सगळाच द्रव एकदम बाहेर जाऊ शकत नाही, कारण गेलेल्याची जागा कोणीतरी भरली पाहिजे. म्हणून एका पातळीवर द्रव बाहेर जातो, तर तिच्या वरच्या व खालच्या पातळीवर आत येतो. हीच ती चुंबळ. ताक घुसळताना रवीही मध्येच फिरते, पण रवी उलटसुलट फिरते आणि तिला पाकळ्या असतात. तेव्हा ती उपमा येथेच सोडलेली बरी.

फ्रान्सच्या मॉरिस कुएट यांनी १८९० मध्ये असेच उपकरण द्रवाचा चिकटपणा मोजण्यासाठी वापरले होते. पण ते बाहेरचे नळकांडे फिरवीत. तसे केले की वेगवान द्रव आधीच बाहेर असतो, त्यामुळे या चुंबळी बनत नाहीत. केंब्रिजच्या जी. आय. टेलर यांनी हा मर्यादावेग गणिताने काढला, रंग सोडून कडी डोळ्यांनी पाहिली, आणि गणित व प्रयोग जुळले. तो निबंध १९२३ सालचा. आपल्या वाचनालयाप्रमाणे त्यानेही शंभरी गाठली आहे.

मला खरी मोहिनी घातली ती पुढच्या गोष्टीने. वेग आणखी वाढवला की कड्यांवर लाटा उमटतात. १९६५ मध्ये डोनाल्ड कोल्स यांनी दाखवले की एकाच वेगाला कड्यांची आणि लाटांची संख्या वेगवेगळी असू शकते. अशा वीसहून अधिक अवस्था त्यांना आढळल्या. कोणती अवस्था मिळेल, हे त्या वेगापर्यंत आपण कसे पोचलो, हळूहळू की एकदम, वरून उतरत की खालून चढत, यावर अवलंबून असते. इतिहास शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना हे ऐकून फार आनंद झाला!

आणि हे केवळ प्रयोगशाळेतले कौतुक नव्हे. लाहोरला जन्मलेल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९६० मध्ये याच फटीतील विद्युतवाहक द्रवावर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम अभ्यासला. रशियाच्या वेलिखोव यांनी तो वर्षभर आधी मांडला होता. तीस वर्षे तिकडे फारसे कोणी वळले नाही. १९९१ मध्ये बाल्बस आणि हॉली यांनी दाखवले की कृष्णविवरांसारख्या गोलकांभोवती फिरणाऱ्या वायूच्या चकत्यांमध्ये हेच अस्थैर्य काम करीत असावे. इकडे मुंबईत, रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत, मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षपद भूषविलेले डॉ. ज्येष्ठराज जोशी आणि त्यांचे सहकारी वेगळ्याच कारणाने या फटीकडे वळले. स्थिर पात्रात फिरणाऱ्या नळकांड्याभोवती एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव घुसळून एकातील पदार्थ दुसऱ्यात ओढून घेण्याचे एक यंत्र असते. अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेतही त्याचा उपयोग होतो. चुंबळीच्या आत मिश्रण उत्तम होते, पण शेजारच्या चुंबळीशी देवघेव कमी. हे हवे की नको, हा तेथे आवडीनिवडीचा नव्हे, यंत्राच्या आराखड्याचा प्रश्न असतो.

गेल्या महिन्यात ती मुलगी पुन्हा भेटली. याच दालनातील लांब टेबलाशी बसून मी तिला हे सारे सांगितले, मराठीतच, आणि आकृतीही काढून दिली. तिने सर्व वहीत उतरवून घेतले. दाब, चिकटपणा, मर्यादावेग, काहीच तिला अडले नाही. शेवटी तिने एवढेच विचारले, “सर, चुंबळ म्हणजे काय?”