रसनेची परीक्षा



गेल्या चैत्रांत गोंदियाच्या एका परिचित गृहस्थांनीं मला चिंतेनें विचारलें, "हॉटेलच्या व्यवसायाचें शिक्षण घेतलेला आमचा मुलगा आतां वाइन वाढण्याची परीक्षा देणार म्हणतो. दारूनें धुळीस मिळालेलीं घरें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत. या नादाला पदवी कसली?" त्यांची भीति खोटी नव्हती. म्हणूनच ही परीक्षा असते तरी कशी, तें पाहूं.

वाइनच्या सेवेंतील जाणकाराला फ्रेंच भाषेंत 'सोमेलिये' म्हणतात. या विद्येची सर्वोच्च परीक्षा प्रथम १९६९ सालीं लंडन येथें झाली. पुढें १९७७ सालीं 'कोर्ट ऑफ मास्टर सोमेलियर्स' ही संस्था निघाली. तिच्या परीक्षेच्या पायऱ्या चार. शेवटच्या पायरीवर शास्त्र, रसपरीक्षा आणि सेवा अशा तीन कसोट्या लागतात. रसपरीक्षेंत नांव न सांगतां सहा पेले पुढें ठेवतात. पंचवीस मिनिटांत प्रत्येकाची द्राक्षाची जात, देश व सालहि सांगावयाचें असतें. घोट जिभेवर घोळवून थुंकून टाकावयाचा. गिळीत बसणाऱ्याची रसना लवकरच बोथट होते. सेवेच्या कसोटींत जुन्या बाटलीचा गाळ न ढवळतां वाइन दुसऱ्या भांड्यांत ओतावी लागते, आणि पाहुण्याच्या ताटाला व खिशाला साजेल तीच सुचवावी लागते.

नाशिकच्या द्राक्षमळ्यांनीं आपल्याकडेहि या विद्येला क्षेत्र मिळवून दिलें आहे. वाइनच्या एकंदर ज्ञानाची कसोटी पाहणारी 'मास्टर ऑफ वाइन' ही पदवी मुंबईच्या सोनल हॉलंड यांनीं २०१६ सालीं मिळविली; भारतांत राहून ती मिळविणाऱ्या त्या पहिल्याच.

मीं त्या गृहस्थांना मोहाची आठवण दिली. तुमच्याच रानांत पहाटे फुलें वेंचणारी म्हातारी नुसत्या वासानें ताजें फूल कोणतें व आंबलेलें कोणतें, हें सांगते. तिला आपण व्यसनी म्हणत नाहीं, जाणती म्हणतों. मात्र तिच्या जाणतेपणाला प्रमाणपत्र नाहीं, आणि म्हणून बाजारांत त्याला मोलहि नाहीं. तुमच्या मुलाला तें मोल मिळण्याची संधि आहे.

तेव्हां मुलाला अडवूं नका. एक अट मात्र घाला. ज्या दिवशीं घोट पारखण्याऐवजीं पिण्यासाठींच घ्यावासा वाटेल, त्या दिवशीं त्यानें ही विद्या सोडावी.