स्वभाव म्हणून सोडू नका
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



ज्या विषयाची चर्चा आपल्या घरांत दार लावून होते, तो आज आम्ही या व्यासपीठावर मांडीत आहोत. कित्येक कुटुंबांत एखादी व्यक्ती अशी असते, की तिचा राग क्षणात भडकतो, लहानशा शब्दाने ती मोडून पडते, सारे आपणांस टाकून देतील या भयाने ती आप्तांना कधी घट्ट धरते, तर कधी दूर लोटते. 'स्वभावच तसा,' असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु हीच वृत्ती तारुण्यापासून टिकून राहून संसार, नोकरी व नाती यांची धूळधाण करू लागली, तर शास्त्र तिला व्यक्तिमत्त्वविकार म्हणते.

अशा व्यक्तीस खिन्नतेचा आजारही जडला, म्हणजे धोका दुणावतो. झोप उडते, अन्न नकोसे होते, 'मी नसलेलेच बरे' असे शब्द तोंडी येतात. घरचे म्हणतात, 'हे नेहमीचेच नाटक!' येथेच घात होतो. ज्याने पूर्वी जीव देण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला पुढेही धोका इतरांहून पुष्कळ अधिक असतो. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे मायेने विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट कोंडलेले मन मोकळे होते.

औषधाने खिन्नता उतरू शकते. स्वभावातील विकारावर मात्र मुख्य उपचार संवादाचा. अमेरिकेतील मार्शा लिनेहान या विदुषींनी भावना आवरण्याचे व संकटात तग धरण्याचे शिक्षण देणारी पद्धती सिद्ध केली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात स्वतःस इजा करण्याचे प्रकार घटलेले दिसले. तरुणपणी आपणही याच व्यथेतून गेलो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले.

घरच्यांचे कर्तव्यही मोठे आहे. वाद वाढवू नये. गोळ्या थोड्याथोड्या आणून वडीलधाऱ्यांनी जपाव्यात. फवारणीचे औषध कुलपात असावे; श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यावर आत्महत्या फार घटल्या. संकटाची घटका टळेपर्यंत रुग्णास एकटे सोडू नये. ती घटका टळते, हे ध्यानात धरावे.

आपल्याच जिल्ह्यात सैलानीस अनेक जण मनोरुग्णांना श्रद्धेने आणतात. श्रद्धेस आमचा विरोध नाही. परंतु तिच्यापायी औषध थांबू नये, आणि साखळदंड तर नकोच. २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळीने बांधलेले रुग्ण आगीत मृत्युमुखी पडले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णास साखळीने बांधणे वर्ज्य केले आहे. जीव देऊ पाहणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्यास उपचार द्यावेत, असेही तो कायदा सांगतो.

मग आपण लपवितो का? मुलामुलींच्या सोयरिकी अडतील म्हणून! या भीतीपायी उपचार लांबतात. म्हणून आमची मंडळास विनंती आहे, की उपचार घेणे हे घराण्याचे वैगुण्य न मानता शहाणपण मानावे, आणि रुग्णासोबत जिल्हा रुग्णालयात जाण्यास प्रत्येक तालुक्यातून दोन स्वयंसेवक पुढे यावेत. १४४१६ या शासकीय दूरध्वनीवर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. तो क्रमांक प्रत्येक घरी भिंतीवर असावा.

सोयरीक पुढच्या वर्षीही जुळेल. गेलेला जीव परत येत नाही.