एका हाकेला दोन ओ: राउटरवरून नेटवर्क तपासताना

बंगळुरूच्या येलहंकामधून बोलतोय. मध्येच विमानाचा आवाज आला तर सांभाळून घ्या, हवाई दलाचा तळ जवळच आहे.

आमच्या इमारतीत सहा घरांत मिळून एकच इंटरनेट जोडणी आहे. मध्यंतरी रोजची रड सुरू झाली. वायफायचे दांडे पूर्ण, पण नेट नाही. थोड्या वेळाने चालू, परत बंद. खापर फुटलं केबल ओढून गेलेल्या पोरावर. त्याच्या कंपनीला पत्र लिहायचं ठरलं आणि पहिली सही माझी, का तर मी ‘कॉम्प्युटरवाला’. म्हटलं, एक रात्र थांबा.

आधी खालच्या आंटींचा फोन बघितला. त्याला मिळालेला पत्ता १९२.१६८.०.१०३. आमचा राउटर वाटतो ते पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात. मग हा शून्य आला कुठून?

आमच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी आहे, म्हणजे लिनक्सच. लॅपटॉपवरून एसएसएचने आत शिरलो आणि टीसीपीडम्पचं पॅकेज टाकलं. हे अवजार १९८८ सालचं, अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतलं. अजून त्याला तोड नाही, असं माझं मत.

कमांड वाचून दाखवतो, टाइप अर्थात रोमन अक्षरांत करायची: टीसीपीडम्प -आय बीआर-लॅन -एन -ई -व्ही पोर्ट ६७ ऑर पोर्ट ६८. ‘आय’ने कुठे कान लावायचा ते सांगितलं, बीआर-लॅन म्हणजे घरातली बाजू. ‘एन’मुळे आकडे आकडेच राहतात, त्यांची नावं शोधत बसत नाही. ‘ई’ने यंत्राचा मॅक पत्ता दिसतो, ‘व्ही’ने तपशील. आणि पत्ते वाटणारं डीएचसीपी याच दोन पोर्टांवर चालतं.

पोर्टांची अट मुद्दाम घातली. ती नसती तर कुणाचा फोन कुठल्या साइटचं नाव विचारतोय, हेही बहुधा दिसलं असतं. आतला मजकूर एचटीटीपीएसमुळे कुलूपबंद असतो, पण नावंही काही कमी बोलत नाहीत. पाच घरं दुसऱ्यांची. म्हणून ग्रुपवर आधी सांगितलं आणि तेवढंच पकडलं.

आंटींना वायफाय बंद-चालू करायला लावलं. फोनने हाक मारली, ‘पत्ता द्या’. एका हाकेला दोन ओ! एक आमच्या राउटरची, दुसरी १९२.१६८.०.१ ची. फोनला जी आधी पोचेल ती तो सहसा धरतो. म्हणून कधी नेट चालू, कधी बंद.

एक खाचखळगा सांगतो. दोन्ही यंत्रं वायरवर असली तर दुसऱ्याचं उत्तर स्विचमधून परस्पर जाऊ शकतं, आपल्याला दिसतच नाही. तेव्हा फोनची किंवा लॅपटॉपची पुढची ‘रिक्वेस्ट’ बघा. ती सगळ्यांना ऐकू जाते आणि कुणाचा पत्ता स्वीकारला ते ‘सर्व्हर-आयडी’त लिहिलेलं असतं.

मॅक पत्ता कागदावर उतरवून सकाळी जिना चढलो. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुलांनी रेंज वाढावी म्हणून जुना राउटर जोडला होता, केबल लॅनच्या भोकात, डीएचसीपी चालूच. खालच्या स्टिकरवर तोच आकडा. डीएचसीपी बंद केलं, त्या राउटरला आमच्या रांगेतला एक मोकळा पत्ता दिला. काम झालं.

पत्र गेलं नाही. केबलवाल्या पोराला फोन करून सगळं सांगितलं. तो कन्नडमध्ये म्हणाला, “सर, ते ‘ई’वालं परत सांगा. अजून दोन इमारतींत माझ्या नावाने हेच चाललंय.”