क्लचला बांधलेला पाय



घाटात ट्रकांच्या रांगेमागे गाडी अडकली की डाव्या पायाची किंमत कळते. क्लच दाबा, सोडा, पुन्हा दाबा. माथ्यावर पोचेपर्यंत पोटरी भरून येते. आता हाच पाय युद्धात निकामी झालाय, समोर डांबरी रस्ता नाही तर मातीचा गोल मार्ग आहे आणि आजूबाजूला तीस-बत्तीस गाड्या धुरळा उडवत सुटल्या आहेत, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. अशा पायाच्या माणसानं अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींचं पहिलं अजिंक्यपद जिंकलं. त्याचं नाव रॉबर्ट बायरन. सगळं जग त्याला 'रेड' बायरन म्हणायचं.

स्टॉक कार म्हणजे दुकानातून विकत घ्यावी तशी गाडी. खास शर्यतीसाठी घडवलेली, उघड्या चाकांची, टोकदार नाकाची नव्हे. तर बायकामुलांना बसवून रविवारी चर्चला न्यावी तसली. निदान सुरुवातीला तरी कल्पना तीच होती. या शर्यतींचा कारभार पाहणारी संस्था म्हणजे नॅसकार. आज तिचा पसारा प्रचंड आहे. पण तिच्या जन्माची गोष्ट कुणालाही विचारा, तो तुम्हाला हातभट्टीचीच गोष्ट सांगेल.

ती गोष्ट खोटी नाही. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ साली उठली, तरी दक्षिणेकडच्या कितीतरी परगण्यांत दारूवर बंदी राहिली, आणि जिथं नव्हती तिथंही कर चुकवून गाळलेल्या दारूला गिऱ्हाईक भरपूर होतं. जॉर्जिया राज्यातल्या डोंगराळ डॉसनव्हिल भागातून अटलांटा शहराकडे रात्रीची दारू जायची ती फोर्डच्या व्ही-एट इंजिनच्या गाड्यांतून. मागची बाकं काढून टाकलेली, माल खच्चून भरलेला, दिवे विझवलेले, आणि पाठीमागे सरकारी माणसं. यातून जे ड्रायव्हर तयार झाले ते रविवारी एखाद्या शेतात गोल रिंगण आखून आपसांत पैजा लावू लागले. लॉइड सी हा त्यांतला सगळ्यांत तरबेज ड्रायव्हर, असं त्या काळचे लोक मानत. १९४१ च्या सप्टेंबरात त्यानं अटलांटाच्या लेकवूड मैदानावर मोठी शर्यत जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या नात्यातल्याच माणसानं त्याला गोळी घातली. भांडण कशावरून? तर भट्टीसाठी उधार आणलेल्या साखरेवरून.

लॉइडच्या गाडीचा मालक होता त्याचाच भाऊबंद, रेमंड पार्क्स. हा गडी चौदाव्या वर्षी घरातून पळाला, दारूच्या धंद्यात शिरला, तुरुंगात जाऊन आला, आणि तरीही सुटाबुटात, डोक्यावर हॅट घालून, एखाद्या बँकेच्या मॅनेजरसारखा शर्यतीला हजर राहायचा. त्याच्या गाड्या सजवायचा रेड व्होट नावाचा मिस्त्री. अटलांटात व्होटचं गॅरेज होतं. स्वतः पांढऱ्या कपड्यांत वावरणारा हा माणूस दारू वाहणाऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करायचा आणि त्यांना पकडणाऱ्यांच्याही. दोघांकडून पैसे घेत होता. पळणारे अर्थातच जास्त द्यायचे.

बायरन या मंडळींतला नव्हता, आणि मला आज हेच सांगायचं आहे. त्याचा जन्म १९१५ सालचा, व्हर्जिनियातल्या प्लॅस्टरको या गावातला. वाढला कोलोराडोत, म्हणजे पार पश्चिमेकडे, आणि मग अलाबामातल्या ॲनिस्टन शहरात येऊन स्थिरावला. तिथं त्यानं मोटारींचं काम केलं, तिशीच्या दशकातच शर्यतीही सुरू केल्या. रात्री पोलिसांना चुकवण्याची त्याच्याकडे एकही मजेदार कहाणी नव्हती. तो बोलायचा कमी, इंजिनचा विचार फार करायचा.

मग युद्ध आलं. बायरन हवाईदलात गेला आणि बी-२४ लिबरेटर या बाँबफेकी विमानावर त्याची नेमणूक झाली. अलास्काच्या टोकाला अल्यूशियन बेटांची माळ आहे. त्यातलं किस्का हे बेट १९४२ साली जपान्यांनी घेतलं होतं. धुकं, बर्फ, वारा आणि वर तोफा. १९४३ साली किस्कावरच्या एका हल्ल्यात बायरनचा डावा पाय तोफेच्या माऱ्यात उद्ध्वस्त झाला. त्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळ त्यानं इस्पितळांत काढला. पाय तुटला नाही, वाचला. पण 'वाचला' एवढंच म्हणायचं.

१९४६ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या ऑरलँडो इथं शर्यत होती. पार्क्सही युद्धावरून परतला होता. बेल्जियमच्या बर्फात जर्मनांशी लढून आला होता. त्यानं आपली गाडी या लंगड्या माणसाच्या हाती दिली. डाव्या पायाला पोलादी आधार, आणि तो आधार क्लचच्या पेडलला जोडून टाकलेला. म्हणजे पाय पेडलवरून घसरायला नको, आणि पायात जोर नसला तरी अख्ख्या मांडीनं, कमरेनं रेटा देता यावा. ही व्यवस्था ऐकायला सोपी वाटते. पण गाडी उलटली आणि पेटली, तर तो पाय सोडवायचा कुणी आणि किती वेळात? त्या काळी गाड्या उलटायच्या आणि पेटायच्याही. बायरननं ती शर्यत जिंकली. हरलेल्यांत रॉय हॉल होता, तोही पार्क्सचाच भाऊबंद आणि दारूच्या रस्त्यावर तयार झालेला नामांकित वाघ.

मला वाटतं, या पायानंच बायरनची शैली ठरवली. बाकीचे ड्रायव्हर गिअर, क्लच, ब्रेक असा धुमाकूळ घालत वळणात शिरायचे. बायरनला तो चोचला परवडणारा नव्हता. त्याला गाडीचा वेग आणि चाकाखालची माती आधीच ओळखून, कमीत कमी हालचालीत वळण काढावं लागायचं.

ती माती कशी असायची, हे फ्लोरिडातल्याच डेटोनाला पाहावं. आज तिथं उंच कडांचं डांबरी मैदान आहे. तेव्हा शर्यत समुद्रकिनाऱ्यावर व्हायची. एक बाजू ओल्या, घट्ट वाळूची, लाटांना खेटून. दुसरी बाजू किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या अरुंद डांबरी रस्त्याची. दोन टोकांना वाळूची वळणं. दहाबारा फेऱ्यांत त्या वळणांत गुडघाभर चर पडायचे आणि त्यांत अडकून गाड्या कोलांट्या खायच्या. शर्यतीची वेळ घड्याळ पाहून ठरत नसे, ओहोटी पाहून ठरे. उशीर झाला तर भरतीनं अर्धा मार्गच गिळून टाकला असता. आयोजक होता बिल फ्रान्स, धिप्पाड, गोडबोल्या आणि महाहिशेबी. वाळूच्या टेकड्यांआडून फुकट बघायला येणाऱ्यांना रोखायला त्यानं 'विषारी सापांपासून सावधान' असे फलक लावले होते, हे ऐकून त्याच्या डोक्याची कल्पना यावी.

याच फ्रान्सनं १९४७ च्या डिसेंबरात डेटोनाच्या स्ट्रीमलाइन हॉटेलच्या गच्चीवरच्या बारमध्ये पस्तीसेक मंडळींना बोलावलं आणि नॅसकारची मुहूर्तमेढ रोवली. संस्थेला नाव सुचवलं ते आपल्या त्या पांढऱ्या कपड्यांतल्या मिस्त्रीनं, रेड व्होटनं. दोनच महिन्यांनी, १५ फेब्रुवारी १९४८ ला, नॅसकारच्या नावानं पहिली शर्यत त्याच किनाऱ्यावर झाली. जिंकली बायरननं, पार्क्सच्या फोर्डमधून. त्या वर्षीचं अजिंक्यपदही फाँटी फ्लॉकला थोडक्या गुणांनी मागे टाकून त्यानंच नेलं. त्या गाड्या अजून फेरफार केलेल्या, जुन्या युद्धपूर्व बनावटीच्या होत्या.

त्याच उन्हाळ्यात जॉर्जियातल्या कोलंबस गावी बायरनच्या गाडीचा टायर फुटला, गाडी प्रेक्षकांत घुसली. सात वर्षांचा एक मुलगा गेला, बरेच जण जखमी झाले. त्या काळच्या मैदानांवर लोक आणि गाड्या यांच्यात अडसर नावालाच असे. विजयांच्या यादीत ही नोंद सहसा सापडत नाही. म्हणून इथं सांगितली.

१९४९ साली फ्रान्सनं नवी मालिका काढली: कंपनीतून आली तशीच गाडी, फेरफार बंद. युद्धाच्या काळात मोटारींचे कारखाने रणगाडे आणि विमानं करत होते. आता कुठं नवी मॉडेलं रस्त्यावर येत होती आणि आपल्या दारातली गाडी किती पळते हे लोकांना पाहायचं होतं. पहिली शर्यत १९ जूनला शार्लट शहरातल्या मातीच्या मैदानावर झाली. धूळ इतकी आणि उकाडा इतका की इंजिनं एकामागून एक उकळून बंद पडली. ग्लेन डनवे पहिला आला. मग तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगांत मेख निघाली. दारूच्या ओझ्यानं गाडी बसू नये म्हणून केलेली ती जुनीच क्लृप्ती. डनवे बाद, आणि कॅन्ससहून आलेला जिम रोपर विजयी. गाडीमालक कोर्टात गेला, न्यायाधीशांनी दावा फेटाळला. फ्रान्सचं आसन त्या दिवशी पक्कं झालं. आणि शांतपणे तिसरा आला होता बायरन.

पुढची शर्यत डेटोनाच्या वाळूवर. बराच वेळ गोबर सोसबी पुढे होता. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना बायरननं आपली ओल्ड्समोबिल गाडी पुढे काढली आणि तो जिंकूनच थांबला. सप्टेंबरात व्हर्जिनियातलं मार्टिन्सव्हिल जिंकलं. ते मैदान १९४७ साली सुरू झालं तेव्हा तिथली पहिली शर्यतही त्यानंच मारली होती. मोसमात एकूण आठ शर्यती. बायरन सहांत उतरला, दोन जिंकला, गुण मिळवले साडेआठशेला जरा कमी, ८४२.५. दुसरा आला ली पेटी, ७२५ गुणांवर. या पेटीनं शार्लटला गाडी उलटीपालटी केली होती. पुढं त्याचा मुलगा रिचर्ड पेटी या खेळाचा राजा म्हणून गाजला.

बायरनची कथा मात्र इथंच उतरणीला लागते. १९५० साली नॅसकारबाहेरच्या शर्यतीत भाग घेतल्याबद्दल फ्रान्सनं त्याचे गुण काढून घेतले. फ्रान्सला आपल्या ड्रायव्हरांवर दुसऱ्या कुणाचा हक्क चालत नसे, मग तो पहिला अजिंक्यवीर का असेना. पायाचा त्रास वाढत होता. पार्क्सनंही हिशेब मांडला आणि शर्यतींतून हात काढून घेतला; हा छंद त्याला नफा देण्याऐवजी पैसे खात होता. १९५१ नंतर बायरन या मालिकेत दिसला नाही. तिच्यातल्या त्याच्या शर्यती सगळ्या मिळून पंधरा. नंतर तो स्पोर्ट्‌स कारच्या शर्यतींच्या कामात रमला. ११ नोव्हेंबर १९६० ला शिकागोतल्या एका हॉटेलच्या खोलीत हृदयविकारानं तो गेला. पन्नाशीही गाठली नव्हती.

श्रोतेहो, एखादा खेळ मोठा झाला की आपला इतिहास निवडून घेतो. नॅसकारला दारूच्या गाड्यांचा इतिहास आवडला. तो चित्रपटात शोभतो, टोप्यांवर छापता येतो. आणि बायरनला गाडी देणारा पैसा त्याच धंद्यातून आला होता, हेही विसरून चालणार नाही. पण स्टिअरिंगमागचा माणूस वेगळा होता. अबोल, गणिती, जखमी सैनिक. त्याच्यावर दंतकथा रचणं अवघड.

शार्लटला नॅसकारचं मानदालन उभं राहिलं आणि २०१० साली पहिल्या पाच मानकऱ्यांना त्यात स्थान मिळालं. त्यात फ्रान्स पितापुत्र होते, रिचर्ड पेटी होता, डेल अर्नहार्ट होता. आणि ज्युनिअर जॉन्सन होता, जो बापाच्या हातभट्टीवर पकडला जाऊन तुरुंगात गेला होता. जॉन्सन ड्रायव्हर फार मोठा, पन्नास शर्यती जिंकलेला. पण ड्रायव्हर म्हणून अजिंक्यपद त्याला एकदाही मिळालं नाही. ज्याला ते सर्वांत आधी मिळालं, त्या रेड बायरनचा नंबर लागला २०१८ साली. इतका उशीर व्हायला काही कारण नव्हतं.