रोजरीनंतरचा पाव तास
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याची रीत आहे. देवळाचा पाया कोणीं खणला, घंटा कोठून आली, पहिल्या मिस्सेच्या दिवशीं पाऊस कसा लागला होता, हें सर्व आपण गेल्या दोन दिवसांत ऐकिलें, आणि तें ऐकून आमचें मन भरून आलें. परंतु देवळाची डागडुजी वर्गणीनें होते. श्रद्धेची तशी होत नाहीं. ती ज्याची त्यानें आपल्या घरीं, दररोज, करावयाची असते. पवित्र शास्त्राच्या मननानें व नित्याच्या साधनेनें श्रद्धा कशी वाढते, हा विषय आम्हांस नेमून देण्यांत आला आहे. आम्ही धर्मशास्त्राचे पंडित नव्हों. शाळेंत तीस वर्षें गणित शिकविलेला एक प्रापंचिक मनुष्य बोलत आहे, एवढें ध्यानांत ठेवून ऐकावें.

आमच्या वसईंतील बहुतेक ख्रिस्ती घरांत बायबल आहे. लग्नांत कोणींतरी भेट दिलेलें, कांचेच्या कपाटांत उभें करून ठेविलेलें. त्याच्या पानांत काय काय सांपडतें! मृतांच्या स्मरणार्थ छापलेलीं चित्रें, झावळ्यांच्या रविवारची सुकलेली पाती, मुलांचे बाप्तिस्म्याचे दाखले. आणि एका घरीं तर आम्हीं त्यांत सात-बाराचा उतारा घडी घालून ठेविलेला पाहिला आहे. तें घर आमचेंच होतें. त्या उताऱ्याची हकीकत पुढें येईल.

आमच्या लहानपणीं असा एक समज होता कीं, बायबल वाचणें हें प्रॉटेस्टंटांचें काम. कॅथोलिकानें रोजरी करावी म्हणजे झालें. हा समज पवित्र सभेनें दिलेला नव्हे. तेराव्या लिओ पोपनीं १८९८ सालींच, भक्तिभावानें निदान पाव तास शुभवर्तमान वाचणाऱ्या भाविकास पापदंडाची सूट देणारी कृपा जाहीर केली होती. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १८ नोव्हेंबर १९६५ रोजीं ईश्वरी प्रकटीकरणाविषयीं जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यांत तर पवित्र शास्त्राचें दार सर्व ख्रिस्ती जनांस सताड उघडें असावें आणि वाचनासोबत प्रार्थना असावी, असें स्पष्टच सांगितलें.

आणि आपल्या भाषेपुरतें पाहिलें तर ही गोष्ट त्याहूनही जुनी आहे. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यांत आले. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुनीं पुराणें ऐकावयाची संवय होती, तीं सुटलीं, आणि त्यांच्या जागीं ऐकण्याजोगें कांहीं मिळेना. ही उणीव ओळखून फादर स्टीफन्स यांनीं मराठी ओवींत, सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचिलें. तें १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें, व देवळांदेवळांतून लोकांना वाचून दाखविलें जाऊं लागलें. छापील प्रती पुढें दुर्मिळ झाल्या, तेव्हां भाविकांनीं तें हातानें उतरवून घेऊन जपलें. १९०७ सालीं तें मंगळूर येथें पुन्हां छापलें गेलें. एका परदेशी मनुष्यानें आमच्या भाषेचा एवढा अभ्यास करावा आणि आम्ही मात्र, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या आमच्याच मातींतील धर्मगुरूंनीं आमच्या बोलत्या मराठींत बायबल आणून दिल्यावरही, तें कांचेआड उभें करून ठेवावें, याची आम्हांस लाज वाटते. फादर दिब्रिटो २०२४ सालीं प्रभूकडे गेले. त्यांची पुस्तकें आपल्या घरीं आहेत. त्यांवरील धूळ आपली आहे.

येथें एक खुलासा केला पाहिजे. आमचे वाडवडील बायबल वाचीत नव्हते म्हणून त्यांस शास्त्र ठाऊक नव्हतें, असें आमचें म्हणणें नाहीं. लॅटिन मिस्सा त्यांना कळत नसे. परंतु रोजरीचीं रहस्यें म्हणजे शुभवर्तमानच होय, आणि तें ते रोज दिवेलागणीस बोटांवर मोजीत. आमच्या मातोश्रींना अक्षरओळख नव्हती. तथापि प्रभूच्या दुःखसहनाची कथा त्या इतकी तपशिलानें सांगत कीं, आम्हांस लहानपणीं वाटे, त्या तेथें हजर असाव्यात.

आतां साधनेविषयीं. बाराव्या शतकांत फ्रान्सच्या डोंगरांतील कार्थुसियन मठाच्या गीगो नांवाच्या संन्याशानें पवित्र वाचनाच्या चार पायऱ्या लिहून ठेविल्या आहेत: वाचणें, मनन करणें, प्रार्थना करणें, आणि प्रभूपुढें निवांत राहणें. विद्वान लोक यावर पुष्कळ लिहितात. आम्हांस त्यांतील एवढेंच कळलें कीं, पहिली पायरी चढून आपण बहुधा खालीं उतरतों. वाचलें, झालें, पुस्तक मिटलें.

आम्हांस अधिक उपयोगी पडले ते संत इग्नासी. १५२१ सालीं पाम्प्लोनाच्या किल्ल्यांत तोफेच्या गोळ्यानें पाय मोडून हे सरदार लोयोला येथें घरीं अंथरुणाला खिळले होते. करमणुकीसाठीं त्यांनीं शौर्यकथा मागितल्या. त्या घरांत नव्हत्या. होतें तें एक ख्रिस्तचरित्र व एक संतचरित्रांचें पुस्तक. नाइलाजानें तींच वाचतां वाचतां त्यांच्या एक गोष्ट ध्यानांत आली. मानमरातबाचे विचार करतांना गोड वाटे, पण मागाहून मन कोरडें पडे. संतांसारखें जगण्याचे विचार करतांना आनंद होई, आणि तो विचार संपल्यावरही टिके. आपण काय वाचतों यापेक्षां वाचल्यानंतर आपलें मन कोणीकडे झुकतें, हें पाहण्याची ही दृष्टि होय. तिसऱ्या पॉल पोपनीं १५४८ सालीं मान्यता दिलेल्या त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तिकेंत विवेकपरीक्षणाचीं पांच अंगें आहेत: उपकारस्मरण, प्रकाशाची याचना, दिवसाचा झाडा, क्षमायाचना, आणि सुधारणेचा निश्चय. आम्ही पडलों गणिताचे मास्तर! वर्षानुवर्षें आम्ही तिसऱ्या अंगापासूनच आरंभ करीत असूं, आणि चुका मोजतां मोजतां झोंप लागे. आरंभ उपकारस्मरणानें करावयाचा आहे, हें आमच्या ध्यानीं फार उशिरां आलें.

असो. आतां त्या सात-बाराची हकीकत.

आमच्या वडिलांच्या पश्चात् वाडीची वांटणी झाली. विहीर आमच्या भागांत आली. मात्र पाणी दोघां भावांचें, असा वडिलांचा शब्द होता. कागदपत्रें आम्हींच केलीं, कारण शिकलेले आम्हीच. उताऱ्यावर विहीर लागली ती आमच्या एकट्याच्या नांवें. धाकट्या बंधूंनीं एकदां विचारलें. आम्हीं सांगितलें, कागद बोलतो तें खरें. त्यानंतर बांधावरचा एक नारळ त्यांनीं आम्हांस न विचारतां तोडला, आणि नऊ वर्षें आमचें बोलणें बंद झालें. एकाच देवळांत, एकाच मिस्सेंत, आम्ही उजवीकडे व ते डावीकडे बसूं.

मातोश्री आमच्याकडे असत. त्यांची दृष्टि गेली, तेव्हां एका उपवासकाळांत त्यांनीं आमच्या मुलाला सांगितलें, “रोजरी झाली कीं रोज थोडं शुभवर्तमान वाच.” मुलगा त्या त्या दिवशींच्या मिस्सेंतला भाग वाची. वाचून झालें कीं त्या थोडा वेळ गप्प बसत, आणि मग एकच प्रश्न विचारीत, “यांत आपल्याला काय सांगितलं?” उत्तर दिलेंच पाहिजे, असा आग्रह नसे.

उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्याचा शुक्रवार आला. त्या दिवशीं मत्तयाच्या पांचव्या अध्यायांतील तो भाग असतो, ज्यांत प्रभु सांगतात कीं, वेदीपाशीं अर्पण आणलें असतां भावाची आठवण झाली तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं त्याच्याशीं समेट करावा. मातोश्रींनीं नेहमींचा प्रश्न विचारला. आम्हीं तत्परतेनें उत्तर दिलें कीं, भावाला क्षमा करावी असें सांगितलें आहे. आणि मनांतल्या मनांत त्या नारळाबद्दल बंधूंना, कितव्यांदा कोण जाणे, क्षमाही करून टाकली. त्या म्हणाल्या, “परत वाच रे.” मुलानें परत वाचलें. त्या म्हणाल्या, “तसं नाहीं त्यांत.”

आणि खरोखरच तसें त्यांत नाहीं. तुमच्या मनांत भावाविरुद्ध कांहीं असेल तर, असें प्रभूंनीं म्हटलेलेंच नाहीं. भावाच्या मनांत तुमच्याविरुद्ध कांहीं आहे, याची आठवण झाली तर, असें म्हटलें आहे. पन्नास वर्षें हा भाग आम्हीं देवळांत ऐकिला, आणि प्रत्येक वेळीं तो उलटा ऐकिला. नारळ आम्हांस आठवत होता. विहीर आठवत नव्हती. तो उतारा त्याच पुस्तकाच्या मागच्या पानांत होता.

आम्ही दुसऱ्या दिवशीं गेलों, असें सांगावयास आवडलें असतें. आम्ही गेलों नाहीं. सोळा दिवस गेले. त्या सोळा दिवसांत दोन रविवार आले, आणि दोन्ही वेळां परमप्रसादास उठतांना पाय जड झाले. शेवटीं एका सकाळीं बांधावर जाऊन उभे राहिलों. बंधु केळींना आळीं करीत होते. विहिरीचा विषय आम्हींच काढला, आणि चूक आमची होती, असें म्हटलें. त्यांनीं वर न पाहतां सांगितलें, “काम आहे, मग बोलूं.” मिठी नाहीं, अश्रु नाहींत. तथापि त्याच संध्याकाळीं त्यांच्या घरून ताजीं केळफुलें आलीं. उताऱ्यावर त्यांचा हिस्सा लावून घेण्यास चौदा महिने लागले. सरकारी कचेरीचे जिने आम्ही दोघे एकत्र चढलों, व त्या जिन्यांवर जें बोलणें झालें तें घरांत झालें नसतें. मातोश्री मात्र ती नोंद पाहावयास राहिल्या नाहींत.

भक्तजनहो, हें आम्हीं आपली थोरवी सांगण्यासाठीं सांगितलें नाहीं. त्यांत थोरवी नाहींच. शास्त्रवाचनाविषयीं आमचा जो थोडा अनुभव आहे, तो सर्व त्या “परत वाच” मध्यें आहे. १९६९ च्या आगमनकाळापासून रविवारच्या मिस्सेंत शुभवर्तमानाचें वाचन तीन वर्षांच्या चक्रानें चालतें: एक वर्ष मत्तय, एक वर्ष मार्क, एक वर्ष लूक, आणि योहान मधून मधून. म्हणजे रविवारपुरता येणारा मनुष्य एखादा भाग तीन वर्षांतून एकदां ऐकतो. तीन वर्षांतून एकदां शिंपलेली केळ जगेल काय?

म्हणून रोजचा भाग रोज घ्यावा. मोठा नको, दहा-पंधरा ओळी पुरे. डोळ्यांनीं वाचूं नये, मोठ्यानें वाचावें, आणि शक्य तर घरांतील लहान मुलाकडून वाचवून घ्यावें. मूल आपल्या सोयीचें शब्द गाळीत नाहीं. मग एक आमच्या स्वर्गींच्या बापा म्हणण्याइतका वेळ गप्प बसावें. कोणास कांहीं सुचलें तर त्यानें बोलावें. दुसऱ्यानें तें दुरुस्त करूं नये, विशेषतः वडील माणसांनीं. आणि तेवढा पाव तास टेलिव्हिजन व मोबाईल बंद ठेवावा. हें सांगतांना आमच्याच घरची मंडळी पुढच्या बाकावरून आमच्याकडे हंसून पाहत आहेत. कांहीं दिवस कांहींच सुचणार नाहीं. आमचे तर पुष्कळ दिवस तसेच जातात, विशेषतः वंशावळ्या निघाल्या म्हणजे. तरीही त्या वेळीं बसावें.

आतां उपवासकाळांतील शुक्रवारीं दोन्ही घरें आमच्या ओटीवर बसतात. बंधु वाचीत नाहींत. आपण ऐकतों, असें म्हणतात. यंदा तो मत्तयाचा भाग वाचण्याची पाळी त्यांच्या धाकट्या मुलीची होती. वाचून झाल्यावर तिनें आजीच्या सुरांत विचारलें, यांत आपल्याला काय सांगितलं? बंधूंनीं आमच्याकडे पाहिलें, आम्हीं त्यांच्याकडे पाहिलें, आणि दोघेही गप्प बसलों. नारळाची गोष्ट अजून निघाली नाहीं.