फूटबॉल खेळणाऱ्या मुली
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)

अध्यक्षबाई, मंडळाच्या भगिनींनो आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या मुलींनो,

चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘फूटबॉल’ म्हटले आणि त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मागल्या वर्षी मी इथेच वाळवणांवर बोलले होते, तेव्हा त्यांना तसे वाटले यात नवल नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आज सांगणार आहे त्यातले काही वर्तमानपत्रांत वाचलेले, काही थोरल्या मुलाने मोबाइलवर शोधून वाचून दाखवलेले.

विषय घरातूनच आला. माझी धाकटी नववीत आहे. यंदा ती शाळेच्या फूटबॉल संघात निवडली गेली आणि आमच्या घरात दोन तट पडले. सासूबाई म्हणाल्या, “पोरीचा पाय मोडला तर तिला पदरात कोण घेईल?” हे म्हणाले, “खेळू दे, पण यात पुढे आहे काय? पोटापाण्याचे काय?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. रागावून त्यांचे उत्तर देता येत नाही, म्हणून मी माहिती काढायला बसले.

मणिपूरमध्ये विष्णुपूर जिल्हा आहे. तिथल्या इरेंगबाम गावची नगांगोम बाला देवी ही मुलगी. जन्म 1990 चा. लहानपणी ती मुलांबरोबर खेळे. मणिपूर म्हणजे बायकांच्या कर्तृत्वाचा मुलूख. इंफाळला एक मोठा बाजार आहे, तिथे गाळ्यावर बसणाऱ्या साऱ्या बायकाच. तरीसुद्धा पोरीने पोरांत खेळायचे म्हणजे तिथेही चार तोंडे बोललीच असतील. बाला देवी पुढे राज्याकडून, मग देशाकडून खेळली, भारताच्या संघाची कर्णधार झाली, आणि खेळाच्याच जोरावर तिला मणिपूर पोलिसांत नोकरी लागली. 2019 च्या डिसेंबरात नेपाळात दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या. अंतिम सामन्यात आपण नेपाळला 2-0 असे हरवले, आणि ते दोन्ही गोल हिचे.

त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने, 2020 च्या जानेवारीत, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराच्या रेंजर्स या जुन्या क्लबाने तिच्याशी अठरा महिन्यांचा करार केला. युरोपातल्या क्लबाशी असा व्यावसायिक करार करणारी ती पहिली भारतीय स्त्री. पाठीवर 10 हा आकडा मिळाला. भगिनींनो, त्या दिवशी तिला तिशी पुरी व्हायला चार-पाच दिवस उरले होते. आपल्याकडे तिशीच्या बाईला ‘आता काय राहिले’ म्हणतात. 

पण तिथे जाऊन सारे गोड झाले असे समजू नका. कडाक्याची थंडी, भाषा परकी, आणि दोन महिने होतात न होतात तोच करोनाने सामने बंद पडले. पहिला गोल व्हायला 2020 चा डिसेंबर उजाडला. त्या सामन्यात तिच्या संघाने मदरवेलवर नऊ गोल चढवले, त्यांत एक हिचा. मग गुडघ्यातले लिगामेंट दुखावले. सासूबाईंना ज्याची भीती, तेच झाले. 2022 च्या जानेवारीत आशियाई चषकाची स्पर्धा आपल्याच महाराष्ट्रात, नवी मुंबई, मुंबई आणि पुण्याला झाली, त्या संघात ती नव्हती. त्या स्पर्धेचे दैवही असे, की इराणशी एक सामना बरोबरीत सुटला आणि लगेच आपल्या संघात करोना शिरला. दुसऱ्या सामन्याला उभ्या करायला पुरेशा मुलीच उरल्या नाहीत, आणि यजमानांनाच स्पर्धेतून बाहेर पडावे लागले. घरचे कार्य आणि घरचीच माणसे पंगतीला नाहीत, तसे ते झाले.

बाला देवी मात्र बरी होऊन पुन्हा देशासाठी खेळली. 2024 साली काठमांडूच्या स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध तिने गोल केला तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. हे मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्या एवढेच म्हणाल्या, “गुडघा बरा होतो म्हणायचा.” त्यांचा स्वतःचा गुडघा वीस वर्षे दुखतो आहे, आणि तो काही फूटबॉलने दुखावलेला नाही.

आता पोटापाण्याचे. 2017 पासून आपल्या देशात बायकांची राष्ट्रीय लीग भरते. 2023 साली फूटबॉल महासंघाने ठरवले, की त्यातल्या वरच्या क्लबांनी निदान दहा मुलींना वर्षाला कमीत कमी 3 लाख 20 हजार रुपये द्यावेत. महिन्याचे सव्वीस हजारांवर जातात. पुरुष खेळाडूंच्या मानाने हे काहीच नाही, आणि दहांत जिचे नाव नाही तिचे काय, हा प्रश्न उरतोच. ही काही सुखाची पेढी नव्हे. माझे स्पष्ट मत आहे की मुलीने दहावी-बारावीची पुस्तके बाजूला ठेवून मैदानावर जाऊ नये. परंतु पोलीस, रेल्वे अशा ठिकाणी खेळाडूंची भरती होते, तीही हिशेबात धरली पाहिजे.

आणखी एक गोष्ट मला फार लागली. आइसलँडची सारा ब्यॉर्क गुन्नार्सडोटिर ही नामांकित खेळाडू फ्रान्समधल्या लिओं या क्लबाकडे होती. तिला दिवस गेले, ती बाळंतपणासाठी मायदेशी गेली, आणि क्लबाने तिचा पूर्ण पगार देणे थांबवले. बाळ झाले 2021 च्या नोव्हेंबरात. ती गप्प बसली नाही. जागतिक फूटबॉल संघटनेने 2021 पासून नियम केला होता, की खेळाडूला बाळंतपणाची निदान चौदा आठवड्यांची भरपगारी नाही तरी दोन-तृतीयांश पगाराची रजा मिळावी. ती तिथे दाद मागायला गेली आणि जिंकली. 82 हजार युरोंच्या वर रक्कम क्लबाला द्यावी लागली. एवढी मोठी खेळाडू, पण तिचे दुखणे आपलेच नाही का? आपल्यातल्या किती जणी बाळंतपणात कामावरून कमी झाल्या ते मी इथे विचारत नाही.

कोणी म्हणेल, ही आजकालची थेरे आहेत. तसे नाही. पहिल्या महायुद्धात इंग्लंडातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका कामाला लागल्या आणि मधल्या सुट्टीत फूटबॉल खेळू लागल्या. 1920 च्या डिसेंबरात लिव्हरपूलला त्यांचा सामना पाहायला 53 हजार माणसे आली. लगेच दुसऱ्या वर्षी तिथल्या संघटनेने ठराव केला, की हा खेळ बायकांना योग्य नाही, त्यांना मैदाने देऊ नयेत. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. बंदी घालणारे सारे पुरुष. खेळणाऱ्यांना कोणी विचारलेही नाही.

आणि 2025 च्या जुलैत आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 असे हरवून आशियाई चषकात जागा मिळवली. पात्रता फेरी खेळून अशी जागा आपल्याला प्रथमच मिळाली. दोन्ही गोल संगीता बासफोर या बंगालच्या मुलीचे. त्या रात्री आमच्या घरी धाकटीने उडी मारली ती दूध उतू जाईपर्यंत थांबली नाही.

तेव्हा आमच्या घरी ठरले आहे. तिने खेळावे. अडचण आहे ती मैदानाची. संध्याकाळी तिथे मुलांचे क्रिकेट असते, टवाळ पोरे कठड्यावर बसतात, आणि उसाच्या शेताकडून परत येताना अंधार पडतो. एकट्या-दुकट्या मुलीला कोणती आई पाठवील? म्हणून मंडळापुढे माझी विनंती आहे. शिलकीतून दोन चेंडू घ्यावेत. मंगळवारी आणि शुक्रवारी पाच ते साडेसहा मैदान मुलींसाठी मोकळे ठेवावे, असा अर्ज मंडळाने नगरपरिषदेला द्यावा; मसुदा मी लिहून आणला आहे, शुद्धलेखन कोणी तपासावे. आणि आपण दोघी-दोघींनी पाळीने तिथे बसावे. निवडणे-टिपणे घेऊन बसले तरी चालेल. मंगळवारी माझे नाव लिहा. शुक्रवारी कोण येते ते चहाच्या वेळी चिटणीसबाईंना सांगावे.